दुसऱ्या तारेचा भरवसा

(खात्यातील अधिकारी व कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘तांत्रिक कारणास्तव सेवा तात्पुरती बंद आहे’ हे वाक्य आपल्या खात्याने आजवर किती वेळा प्रसिद्धीस दिले असेल, याची गणती कोणी ठेवलेली नाही. वाक्य सोयीचे आहे. त्यात खोटे काही नसते आणि कळण्यासारखेही काही नसते. परंतु जे वाक्य आपण जनतेपुढे वारंवार ठेवतो, त्याच्या पोटात काय दडलेले असते हे आपण एकदा तरी पाहावे, या हेतूने मी आजचा विषय निवडला आहे. विषय रुक्ष आहे, हे प्रारंभीच मान्य करतो. मी अभियंता नाही. म्हणूनच जे अभियंत्यांना सांगावे लागत नाही, तेही मला सांगावे लागेल.

३१ मार्चची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. कोषागारात देयके मंजूर होत आहेत, घड्याळाचा काटा पुढे सरकतो आहे, आणि ज्या संगणकावर हा सारा हिशेब चालतो त्याची जालाकडे जाणारी तार निकामी होते. ही आपत्ती टाळण्यासाठी अशा मोठ्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, एकाऐवजी दोन किंवा अधिक तारा जोडतात आणि संगणकाच्या कार्यप्रणालीला बजावतात की, या साऱ्या तारा मिळून एकच मार्ग समज. एक तुटली तर दुसरीवरून काम चालू ठेव. या व्यवस्थेला ‘बाँडिंग’ म्हणतात. आपण तिला तारांची जोडी म्हणू. १९८६ च्या जुलैत मांडवीवरील नेहरू पूल कोसळला तेव्हा फेरीबोटींनी लोकांची ये-जा सांभाळली, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. पण तेथे पूल पडलेला साऱ्या गावाला दिसत होता. तार तुटल्याचे कोणाला दिसत नाही. ते ठरवावे लागते, आणि ते ठरविणारी आज्ञावली कार्यप्रणालीच्या अगदी गाभ्यात बसलेली असते. या गाभ्याला कर्नेल म्हणतात. सैन्यातील कर्नलशी त्याचा संबंध नाही.

आज ज्या कार्यप्रणालीवर जगातील फार मोठ्या संख्येने सर्व्हर चालतात, त्या लिनक्सची घोषणा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी केली. तारांच्या जोडीची कल्पना तिच्यात आली ती मात्र अमेरिकेतून. १९९४ साली नासाच्या गॉडार्ड अंतराळ केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ साधे संगणक एकत्र बांधून ‘बेओवुल्फ’ नावाचा समूह उभा केला. संगणक वेगवान आणि त्यांना जोडणारे इथरनेट मंद, अशी विसंगती तेथे उभी राहिली. तेव्हा बेकर यांनी एकाच वेळी एकाहून अधिक इथरनेट मार्गांवर वाहतूक वाटून देणारी आज्ञावली लिहिली. लिनक्समधील आजच्या बाँडिंगचे मूळ त्या कामात आहे. गंमत अशी की, हेतू होता वेगाचा. सुरक्षिततेचा भार तिच्यावर पुढे येऊन पडला. आज तारा जोडण्याच्या सात पद्धती तिच्यात आहेत. त्यांतील सर्वांत साधी पद्धत म्हणजे एक तार कामावर आणि दुसरी राखीव. सरकारी कचेरीला हीच बहुधा पुरेशी असते, असे माझे मत आहे.

आता दोष कोठे शिरतात ते पाहू. वस्तुतः वाहतूक एका तारेवरून दुसऱ्या तारेवर नेणे हे फारसे अवघड काम नाही. अवघड आहे तो निवाडा : तार जिवंत आहे की मेली? पहिला उपाय असा की, ठरावीक काळाने तारेच्या टोकाशी असलेला संकेत पाहावा. दर १०० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदातून दहा वेळा पाहावे, हे सुरुवातीला योग्य प्रमाण मानतात. परंतु या तपासणीला दिसते ते तारेचे जवळचे टोक. तार भिंतीपलीकडच्या स्विचपर्यंत शाबूत आहे, पण स्विचच्या पुढचा मार्ग तुटलेला आहे, अशी परिस्थिती असेल तर संकेत हिरवा आणि वाहतूक ठप्प. म्हणून दुसरा उपाय निघाला : पलीकडच्या एखाद्या ठरलेल्या यंत्राला हाक घालावी आणि तारेवरून काही ऐकू येते का ते पाहावे.

येथे एक मासलेवाईक फसगत झाली. एकाच स्विचला असे दोन-चार सर्व्हर जोडलेले असले आणि स्विचच्या पुढचा मार्ग तुटला, तर प्रत्येक सर्व्हर हाका मारीत राहतो. त्या हाका स्विच सर्वांना ऐकवतो. आणि प्रत्येक सर्व्हर शेजाऱ्याची हाक ऐकून समजतो की, मार्ग जिवंत आहे. अंधारात वाट चुकलेल्या चौघांनी एकमेकांच्याच आरोळ्यांना गावाची चाहूल समजावे, तसला हा प्रकार. आलेला आवाज खरोखर आपल्या हाकेशीच संबंधित आहे काय, याची शहानिशा करण्याची सोय २००६ साली या आज्ञावलीत घालण्यात आली. ती निवडणे मात्र व्यवस्था पाहणाऱ्याच्या हाती ठेवलेले आहे. सोय असणे आणि ती वापरात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी जात अधिक कुटिल आहे. तारेची तपासणी करणारा भाग पूर्वी घड्याळाच्या ठोक्याबरोबर चाले, आणि अशा अवस्थेत त्याला क्षणभरही थांबून वाट पाहण्याची मुभा नसे. तार बदलताना मात्र पत्ता बदलणे वगैरे कामांसाठी थांबावे लागते. म्हणून २००७ साली ही तपासणी कामांच्या रांगेत ठेवण्यात आली. पाळी आली की ती उठे, पाहणी करी आणि पुन्हा रांगेत बसे. पुढे असे आढळले की, कोणी जोडी बंद केली तर पुढच्या पाळ्या रद्द होत, पण जी तपासणी रांगेत आधीच पुढे सरकलेली असे ती जोडी बंद झाल्यानंतरही उठे, जे आता अस्तित्वात नाही त्याला हात लावी आणि सारा संगणक कोसळवी. उपाय उघड होता : बंद करणाऱ्याने चालू तपासणी पूर्ण होईपर्यंत थांबावे.

पण उघड उपाय येथे घातक होता. कर्नेलमध्ये जालविषयक सर्व फेरबदलांसाठी एक सामाईक कुलूप आहे. जोडी बंद करणारा ते कुलूप आपल्या ताब्यात घेऊनच काम करतो, आणि तपासणीलाही तार बदलायची झाली तर तेच कुलूप हवे असते. एका कारकुनाच्या खिशात कपाटाची किल्ली आहे आणि तो दुसऱ्याचे काम संपण्याची वाट पाहत बसला आहे. दुसऱ्याचे काम किल्लीवाचून संपत नाही. दोघेही शिस्तीचे, दोघेही नियमाला धरून, आणि कचेरी बंद! कुलूप सामाईक असल्यामुळे त्या संगणकावरील जालाचा दुसरा कोणताही फेरबदलही त्या क्षणी अडकून पडतो. २०११ साली यावर जी दुरुस्ती झाली ती मला फार शहाणपणाची वाटते. तपासणीने किल्लीसाठी दारात खोळंबून राहायचे नाही. किल्ली मागून पाहावी. मिळाली तर काम करावे. न मिळाली तर मुकाट्याने परतावे आणि घड्याळाच्या पुढच्या ठोक्याला पुन्हा यावे. बंद करणारा तोवर आपले काम उरकून घेतो. या दुरुस्तीचे तत्त्व दोन ओळींत सांगता येते. तिच्यामागचा विचार दोन ओळींचा नाही.

तिसरे उदाहरण आपल्या कचेऱ्यांना अधिक ओळखीचे वाटेल. जोडीच्या एका पद्धतीत सर्व्हर आणि स्विच ठरावीक काळाने, मंद गतीत दर ३० सेकंदांनी आणि जलद गतीत दर सेकंदाला, एकमेकांना निरोप पाठवतात आणि कोणत्या तारा जोडीत धरायच्या ते परस्पर संमतीने ठरवतात. २०२२ साली असा दोष हाती लागला की, विशिष्ट परिस्थितीत सर्व्हर हे निरोप पाठवीतच नाही. तार शाबूत, संकेत हिरवा, आज्ञावली चालू. निरोप तेवढे नाहीत.

शोध घेता निघाले ते असे. पहिली तार जोडली जाते तेव्हा आज्ञावली प्रारंभीची मांडामांड करीत असे आणि त्यातच ‘एका सेकंदात घड्याळाचे ठोके किती’ हा आकडा भरीत असे. मांडामांड पूर्वी झाली आहे की नाही हे ओळखण्याची खूण काय, तर नोंदीतला पत्ता आणि जोडीचा प्रत्यक्ष पत्ता एकच असला म्हणजे ती झाली असे समजावे. आता एखाद्या दक्ष माणसाने तारा जोडण्यापूर्वीच पत्ता आणि इतर काही नोंदी विशिष्ट क्रमाने भरून ठेवल्या की दोन्ही पत्ते आधीच जुळत. आज्ञावली म्हणे, मांडामांड झालेली दिसते, आणि पुढे जाई. ठोक्यांचा आकडा शून्यच राही. शून्याने गुणलेले सर्व कालावधी शून्य, आणि निरोपाची वेळ कधी येतच नसे. नोंद जुळते म्हणजे काम झाले, हा समज केवळ आपल्याच दप्तरात नांदतो असे नव्हे. दुरुस्ती करताना ठोक्यांचा आकडा कायमचा ठरवून टाकला, सेकंदाला दहा. आणि ती खूण पाहण्याचा प्रकारच काढून टाकला. जो आकडा कधी बदलत नाही तो बदलता ठेवण्याचे कारणच नव्हते.

असे दोष शोधतात कसे, हे थोडक्यात सांगतो. प्रथम दोष मुद्दाम घडवून आणावा लागतो. त्यासाठी खऱ्या तारा व स्विच लागतातच असे नाही. एकाच संगणकात काल्पनिक तारांची टोके एकमेकांना जोडून सारा देखावा उभा करता येतो. २०२२ च्या दोषासाठी असाच देखावा रचणारी छोटी आज्ञावली लिहिली गेली आणि ती कर्नेलच्या कायमच्या चाचण्यांत ठेवण्यात आली, म्हणजे तोच दोष पुन्हा शिरला तर पकडला जाईल. दोष कधीपासून आहे हे कळत नसेल तर बदलांच्या यादीचा मध्य काढून तेथे चाचणी घेतात. दोष आढळला तर आधीच्या अर्ध्यात शोधायचे, नाही तर नंतरच्या अर्ध्यात. कर्नेलची नवी आवृत्ती सुमारे नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि तिच्यात दहा हजारांहून अधिक बदल असतात. तरी या रीतीने चौदा-एक चाचण्यांत नेमका बदल सापडतो. दुरुस्तीसोबत कोणत्या जुन्या बदलाने दोष आणला त्याचा क्रमांक लिहितात. मग ती सर्वांसमक्ष तपासली जाते, मुख्य प्रवाहात स्वीकारली जाते आणि त्यानंतरच जुन्या स्थिर आवृत्त्यांत उतरते. तेथे नियम असा की, संदर्भाच्या ओळी धरून बदल शंभर ओळींपेक्षा मोठा नसावा. टिपण दहा पानी असले म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांनी या नियमाकडे जरूर पाहावे!

आपल्या कामाशी याचा संबंध दोन ठिकाणी येतो. दुरुस्ती जगात कोठे तरी झाली म्हणजे ती आपल्या सर्व्हरवर आली असे होत नाही. ती आवृत्ती येथे कोणी तरी उतरवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी रात्रीचा किंवा सुटीचा अर्धा तास सेवा थांबवावी लागते. तो अर्धा तास देण्यास खाती नाखूष असतात. मग तीच खाती पुढे आपल्याकडे ‘तांत्रिक कारणास्तव’ची पत्रके पाठवतात.

दुसरे असे की, तारांची जोडी चांगले काम करते तेव्हाच ती आपल्याला अंधारात ठेवते. एक तार मेली, दुसरीने भार उचलला, कोणाची तक्रार आली नाही. सहा महिने राखीव काहीच उरलेले नसते आणि कोणाला त्याचा पत्ता नसतो. वास्तविक कर्नेल प्रत्येक जोडीची स्थिती एका लहानशा टिपणात सतत मांडून ठेवतो : कोणती तार कामावर आहे, कोणती बंद आहे, प्रत्येक तार आजवर किती वेळा निकामी झाली. ते टिपण वाचायला मिनिटही लागत नाही. आपल्या कचेरीतील संगणकव्यवस्था पाहणाऱ्या अभियंत्याला विचारा की, ते महिन्यातून एकदा कोण वाचतो. आणि सुटीच्या एखाद्या सकाळी, त्यांच्या उपस्थितीत, पहिली तार हाताने काढून पाहण्याची विनंती करा. त्या वेळी संगणकावर एक साधे काम चालू ठेवावे, ते अडते का पाहावे, तार पुन्हा लावावी, आणि मग दुसरी तारही तशीच काढून पाहावी.