किलोमागे किती? शरीरसौष्ठव आणि प्रथिनांचे प्रमाण



स्नायू प्रथिनांचा बनलेला असल्यामुळे प्रथिने जितकी अधिक खावीत तितका स्नायू अधिक वाढतो, हा समज डब्यातल्या पावडरीहून पुष्कळ जुना आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असे प्रतिपादन केले होते की, काम करणारा स्नायू स्वतःचेच प्रथिन जाळतो आणि ती झीज अन्नातील प्रथिनांनी भरून काढावी लागते. १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनस या दोन संशोधकांनी स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न शिखर प्रथिनरहित आहारावर चढून स्वतःच्या मूत्रातील नत्र मोजले, तेव्हा जळालेल्या प्रथिनांची ऊर्जा त्या चढाईच्या श्रमाला मुळीच पुरणारी नव्हती असे दिसून आले. पिष्टमय पदार्थांत आणि मेदात नत्र नसते, प्रथिनांत मात्र ते सरासरी १६ टक्के असते. म्हणून शरीरात आलेल्या आणि बाहेर गेलेल्या नत्राचा मेळ, म्हणजेच नत्र-संतुलन, हा प्रथिनांच्या जमाखर्चाचाच हिशेब ठरतो.

हाच हिशेब शरीरसौष्ठवाला लावून पाहणे उद्बोधक आहे. स्नायूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो आणि प्रथिन जेमतेम पाचवा हिस्सा असते. त्यामुळे महिन्याला एक किलो स्नायू वाढला, जी वाढ अनुभवी पटूच्या दृष्टीने फारच मोठी आहे, तरी त्यात साठलेले प्रथिन २०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण ७ ग्रॅम, एका अंड्यातून मिळते त्याच्या आसपासच असते. प्रत्यक्ष गरज याहून बरीच मोठी असते, कारण शरीरातील प्रथिने रोज मोडतात आणि पुन्हा रचली जातात, या उलाढालीत काही अंश कायमचा खर्च होतो, आणि वजने उचलण्याच्या व्यायामाने ही उलाढाल वाढते.

मग प्रमाण किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये सामान्य प्रौढासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम हे प्रमाण दिले आहे. व्यायाम करणाऱ्यांवरील ४९ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास लाभाची चढण सपाट झाली, आणि अनिश्चिततेची वरची मर्यादा धरली तरी ती २.२ ग्रॅमपर्यंतच पोहोचली. स्पर्धेआधी अन्न कमी करून मेद उतरवण्याच्या काळात गरज काहीशी वाढते, कारण उपाशी शरीर स्नायूही जाळू लागते. पण तो अपवाद काही आठवड्यांचा असतो, वर्षभराचा नव्हे.

या मर्यादेपलीकडचे प्रथिन वाया जाते म्हणजे नेमके काय होते, हे तरुणांना सहसा कोणी सांगत नाही. प्रथिनाचे घटक असलेली अमिनो आम्ले जशीच्या तशी साठवून ठेवण्याची सोय शरीरात नाही. यकृत त्यांतील नत्र काढून त्याचा युरिया बनवते, तो मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो, आणि उरलेला भाग पिठासारखाच इंधन म्हणून जळतो. निरोगी मूत्रपिंडांना या वाढीव कामामुळे इजा झाल्याचा पुरावा आजवरच्या अभ्यासांत मिळालेला नाही, आणि ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण खोट्या भीतीने सल्लागाराची विश्वासार्हता जाते. मात्र मूत्रपिंडाचा जुनाट विकार वर्षानुवर्षे लक्षणांविना राहू शकतो, मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची मोठी कारणे आहेत, आणि अशा व्यक्तीला दुप्पट प्रथिन देणे हा खरा धोका आहे. त्यात आणखी एक गुंता असा की, क्रिएटिनिन हे तपासणीत मोजले जाणारे द्रव्य मूळचे स्नायूतूनच येते. त्यामुळे पिळदार शरीराच्या माणसात ते थोडे अधिक आढळले तरी विकार असेलच असे नाही, आणि अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली चाचणी उपयोगी पडते.

दुसरा धोका पावडरीच्या डब्यात असतो. प्रयोगशाळेतील प्रचलित केल्डाल पद्धत, जी १८८३ पासून वापरात आहे, प्रथिन मोजत नाही. ती नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. या उणिवेचा फायदा घेऊन ग्लायसिन किंवा टॉरिन यांसारखी स्वस्त द्रव्ये मिसळली, तर लेबलावरचा आकडा फुगतो आणि स्नायूला काहीच मिळत नाही; २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे नत्रयुक्त रसायन मिसळले गेले तेही याच वाटेने. ज्या व्यायामशाळेत सल्ला देणारा आणि डबा विकणारा एकच असतो, तेथे नवशिक्या मुलाने कोणाला विचारावे, हा प्रश्न आहारतज्ज्ञ, डॉक्टर, प्रशिक्षक आणि शरीरसौष्ठवपटूंच्या या परिषदेने गांभीर्याने घ्यायला हवा.

पूर्वी तालमीत ज्याला खुराक म्हणत, त्यात दूध, बदाम आणि तूप यांना मान होता. त्यातून प्रथिनांपेक्षा ऊर्जा अधिक मिळे, आणि दिवसभर मेहनत करणाऱ्या पैलवानाला ती लागतही असे. आजच्या ७० किलो वजनाच्या तरुणाला १.६ च्या दराने ११२ ग्रॅम प्रथिन हवे. अडीचशे ग्रॅम ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ, शंभर ग्रॅम कोरडी डाळ वा कडधान्य, अर्धा लिटर दूध, पन्नास ग्रॅम शेंगदाणे, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या आणि दोन अंडी यांतून ते जवळपास पूर्ण मिळते. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत मिथिओनिन. भाकरी आणि आमटी एकत्र आल्या की दोघांची उणीव भरून निघते. हे प्रथिन तीन-चार जेवणांत विभागून घ्यावे. पावडर ही सोय आहे, आणि जेथे जेवणाचा डबा नेणे किंवा रांधणे शक्य नाही तेथे ती वापरण्यात गैर काही नाही; मात्र तिचे ग्रॅम जेवणातील ग्रॅमांत मिळवूनच मोजले पाहिजेत. हे मोजमाप सुरू होण्यापूर्वी प्रत्येक व्यायामशाळेने प्रवेशाच्या वेळीच रक्तदाब, रक्तातील साखर आणि मूत्रातील अल्ब्युमिन यांची तपासणी करून घेण्याचा नियम करावा, अशी सूचना या अध्यक्षपदावरून प्रतिनिधींच्या चर्चेसाठी मांडली जात आहे.