बोलावे की लिहावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला सभासदांपैकी कोणीतरी चार शब्द बोलावेत, हा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. विषय मात्र मला शोधावा लागला नाही. मंगळागौरीच्या तयारीच्या वेळी आपल्यात जी वादावादी झाली, ती सर्वांच्या लक्षात असेलच. तरुण सभासदांचे म्हणणे, "काय ते मेसेज करून कळवा, फोन कशाला?" आमच्या वयाच्या बायकांचे म्हणणे, "मेसेज नको, सरळ फोन करा." शेवटी फराळाचे पदार्थ ठरले, पण वाद तसाच राहिला. मी तेव्हा फोनच्या बाजूने हिरीरीने भांडले होते. आज मला त्यातून थोडी माघार घ्यायची आहे. ती का, तेच सांगते.

माझे लहानपण तारेच्या काळातले. दारात तारवाला दिसला की आमची आई आधी रडू लागे. तार मागाहून वाचली जाई. तारेत शब्दागणिक पैसे, म्हणून मजकूर अगदी तुटक. ट्रंक कॉल लावायचा तर नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे आणि लागला की मिळणाऱ्या तीन मिनिटांतली दोन "ऐकू येतंय का?" यातच जात. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मोबाइल आपल्याकडे आला तो १९९५ साली. सुरुवातीला आलेल्या फोनलाही पैसे पडत. मग आपण युक्ती काढली, मिस्ड कॉलची! एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये. एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरे १६० मावत. देवनागरीत लिहिले तर जागा अवघी ७० ची. म्हणून कितीतरी जणांनी आपली मराठी इंग्रजी अक्षरांत कोंबली.

सांगायचे इतकेच की, तेव्हा बोलावे की लिहावे हे पैसा ठरवीत असे. आता तो प्रश्न फारसा उरला नाही, तेव्हा ज्याचा त्याचा स्वभाव ते ठरवू लागला. आणि गंमत अशी की, आपला स्वभाव म्हणजेच जगाची रीत, असे प्रत्येकीला वाटते.

मलाही तसेच वाटत होते. मला फोन आवडतो. "हॅलो" एवढ्या एका शब्दावरून पलीकडच्या माणसाचे बरे आहे की नाही, हे कळते. मेसेजमध्ये "मी मजेत" असे कोणीही लिहील.

माझी थोरली बहीण नागपूरला असते. वर्षानुवर्षे दर रविवारी सकाळी मी तिला फोन करी. दोन वर्षांपूर्वी ताईचे बोलणे एकाएकी आखडते झाले. मी काही सांगू लागले की, "बरं बरं, छान" म्हणून ती फोन ठेवून देई. एकदा मी माझ्या पडण्याची हकिकत सांगितली, तर तिचे उत्तर आले, "छान झालं." मला फार लागले. मनात म्हटले, हिला आता आपली गरज उरली नाही. मी फोन करायचेच सोडले. एक नाही, दोन नाही, चार महिने!

दिवाळीत तिची नात आमच्याकडे आली. तिने सहज विचारले, "आजी, तू मोठ्या आजीला मेसेज का करत नाहीस? तिला फोनवर नीट ऐकू येत नाही ना!" मला काही बोलताच येईना. पुढे कानाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले की, वय वाढते तसे उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात. मग स, श, फ अशी अक्षरे पुसट होतात. आवाज कानावर पडतो, पण शब्द उमगत नाही. समोर माणूस असले तर ओठांवरून भागते. फोनवर ओठ दिसत नाहीत. ताईला हे सांगायची लाज वाटत होती, आणि मला विचारायचे सुचले नाही.

आता आम्ही एकमेकींना लिहितो. ताई एका बोटाने टाइप करते, पण अशी खुसखुशीत लिहिते की मी एकटीच हसत बसते. फोनवर जी ताई मला हरवली होती, ती मेसेजमध्ये परत भेटली.

पण भगिनींनो, लगेच टाळ्या वाजवू नका. नाण्याची दुसरी बाजूही ऐका. गेल्या वर्षी माझे चुलतभाऊ, आमचे दादा, वारले. ती बातमी घराण्याच्या ग्रुपवर सकाळी नऊला आली. तिच्या वर शुभ सकाळची फुले, खाली कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. मी मोबाइल उघडला दुपारी चारला. तोवर दादांना पोहोचवून मंडळी परतलीही होती. तासाभराच्या अंतरावर राहून मला त्यांचे शेवटचे दर्शन झाले नाही.

मी रागारागाने भाच्याला म्हटले, "अरे, एक फोन करायचा होतास!" तो म्हणाला, "आत्या, दोघातिघांना केला. बोलायला गेलो की रडू फुटायचं. लिहिता तेवढं आलं." यावर मी काय बोलणार?

त्या रात्री मला आमच्या गावची रीत आठवली. कोणाच्या घरी माणूस गेले, तर निरोप घेऊन त्या घरचे कोणी जात नसे. भाऊबंद आणि शेजारी गावोगाव जात. दुःख असणाऱ्याने तेच दुःख दहा दारी सांगत फिरू नये, हे त्या माणसांना कळत होते. आज वाटा बदलल्या, पण ते काम संपलेले नाही.

म्हणून मला मंडळाला तीन गोष्टी सुचवायच्या आहेत. तारीख, वेळ, पत्ता, औषधाचे नाव, वर्गणीचा हिशेब, हे सारे लिहूनच कळवावे. बोललेले विसरते, लिहिलेले पुन्हा पाहता येते. दुसरे, आपल्या सभासदांच्या यादीत प्रत्येकीच्या नावापुढे तिला फोन सोयीचा की मेसेज, हे तिलाच विचारून नोंदवावे. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता मी चार महिने गमावले. आणि तिसरे, आपल्यापैकी कोणाच्या घरी वाईट घडले, तर दोघीजणींनी जाऊन, "कोणाकोणाला फोन करायचे, ती नावे आम्हांला द्या," एवढे म्हणावे. माझ्या भाच्याला त्या सकाळी असे म्हणणारे कोणी भेटले असते, तर माझी आणि दादांची चुकामूक झाली नसती.

बोलावे की लिहावे, याचे उत्तर आपल्या आवडीत शोधू नये. पलीकडच्या माणसाकडे पाहून ते द्यावे, असे मला आता वाटते. ताईला मी लिहिते. पण रविवारी एकदा तिला फोनही करतेच. ती नुसते "हॅलो" म्हणते, मी "हॅलो" म्हणते, आणि आम्ही ठेवून देतो. तेवढा आवाज दोघींना पुरतो.