शिष्यवृत्ती ही लाच नव्हे
(दहिवडी, ता. माण येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिकण्यासाठी पैसे दिले की विद्येची गोडी नाहीशी होते, असा आक्षेप शिष्यवृत्तीवर वारंवार घेतला जातो. वकील या नात्याने दोन्ही बाजूंचा पुरावा मी आपणांपुढे ठेवतो.

आक्षेप अगदीच निराधार नाही. चित्रकलेची आवड असलेल्या काही बालकांना अमेरिकेतील संशोधकांनी प्रशस्तिपत्राचे आमिष आधीच दाखविले. पुढे ती बालके इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रे काढू लागली, असे 1973 साली प्रसिद्ध झाले. असलेली आवड आमिषाने मंदावली.

परंतु माणच्या गरीब मुलाची अडचण निराळी आहे. पावसाने दगा दिला की त्याची मजुरी घराला हवी असते. ती बुडते म्हणून शाळा सुटते. आवड नाही म्हणून नव्हे. जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे शिष्यवृत्त्या व बक्षिसे मागितली, ती गरिबांत विद्येची गोडी निर्माण व्हावी म्हणूनच. शाहू महाराजांनी 1917 साली मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला; 1992 साली महाराष्ट्रात गरीब मागासवर्गीय मुलींस रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. मार्ग दोन, हेतू एकच.

पैसा कशासाठी द्यावा, हाही प्रश्न आहे. अमेरिकेतील प्रयोगांचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. डॅलस येथे पुस्तक वाचण्याबद्दल पैसे दिले, तेव्हा वाचन सुधारल्याचे दिसले. न्यूयॉर्क येथे परीक्षेतील गुणांबद्दल दिले, तेव्हा लाभ दिसला नाही. पुस्तक वाचणे मुलाच्या हाती असते; गुण कसे वाढवावेत हे त्याला कोणी शिकविलेले नसते.

म्हणून माझी विनंती अशी की, घरी गुणांचा लिलाव मांडू नका. मुलगा रोज वाचतो काय, हे पाहा. शिष्यवृत्तीची रक्कम वह्यापुस्तकांवर व वसतिगृहावर खर्च करा. लग्नकार्यात घालू नका.

आणि ती घेताना मान खाली घालू नका. अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी केंद्राची शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. धर्मांतराने आपला हक्क बुडत नाही, हे 1990 सालच्या कायदादुरुस्तीने केंद्राच्या सवलतींबाबतही स्पष्ट केले आहे. दाखला वेळेवर काढा, अर्ज मुदतीत भरा. हक्काचा पैसा विद्येला विटाळत नाही. न मागितलेला हक्क मात्र मुलीला शाळेतून परत शेतावर धाडतो.