जुन्या वास्तूंत प्रयोगशाळा

निफाड हें न्यायमूर्ति रानडे ह्यांचें जन्मगांव. १८६२ सालीं ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले, तेव्हां विद्यापीठाला स्वतःची इमारतहि नव्हती. टाऊन हॉलच्या आश्रयानें त्याचा कारभार चाले. भौतिकशास्त्राच्या संशोधनाचेंहि आपल्याकडे तेंच झालें. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ सालीं मुंबईस पेडर रोडवरील एका बंगल्याच्या अर्ध्या भागांत आली, आणि १९४९ सालीं अपोलो बंदरावरील यॉट क्लबच्या जुन्या वास्तूंत गेली. शिडाच्या नावांचे शौकीन साहेबलोक जेथें संध्याकाळ घालवीत, तेथें विश्वकिरणांचा अभ्यास सुरू झाला! कुलाब्याच्या नव्या इमारतीचें उद्घाटन १९६२ सालचें. डॉ. होमी भाभा तोंवर सोळा वर्षें थांबले असते काय?

तेव्हां निफाडसारख्या गांवीं किंवा खुद्द विद्यापीठाच्या आवारांत जुन्या इमारतींत रसायनविभाग नेण्याचा बेत निघाला, तर नाक मुरडण्याचें कारण नाहीं. मात्र व्याख्यानाला फळा व बांकें पुरतात. रसायनशाळेसाठीं घर आंतून उसवावें लागतें. दगडचुन्याच्या जाड भिंती उन्हाळ्यांत गारवा देतात खऱ्या, पण त्या फोडून नळ नेणें महागांत पडतें. नळ भिंतीवरून उघडेच न्यावेत. दिसावयास कुरूप, परंतु गळती तत्काळ सांपडते. मोरीचा लोखंडी नळ आम्लानें खाऊन जातो. तेथें चिनी मातीचा, अथवा आम्लास दाद न देणाऱ्या प्लॅस्टिकचा हवा.

विषारी वाफांसाठीं जें धूरकपाट बसवितात, त्याचा पंखा खोलींतील हवा अखंड बाहेर फेंकतो. तितकीच ताजी हवा आंत येण्यास वाट नसली, तर कपाटाचा ओढा मंदावतो आणि वाफ विद्यार्थ्याच्या नाकाकडे परतते. खिडक्या बुजवून वातानुकूलन करणारे नेमके हेंच विसरतात. सूक्ष्म तराजू माडीवरील लांकडी तक्तपोशीवर ठेवल्यास चालणाराच्या पावलागणिक कांटा हलतो. त्याची जागा तळमजल्यावर, दगडी ओट्यावर. ज्वालाग्राही द्रव व वायूच्या टाक्या इमारतीबाहेर, स्वतंत्र खोलींत.

अंदाजपत्रकांत पहिली काटछाट होते ती ह्याच न दिसणाऱ्या कामांत. दर्शनी कमानीला रंग मिळतो, कारण उद्घाटनाचे पाहुणे तिच्याखालून येतात. मोरी पाहावयास कोण जातो? महाविद्यालयांच्या समित्यांवर बसणाऱ्या श्रोत्यांस माझी विनंती आहे कीं, नकाशा मंजूर करण्यापूर्वीं प्रयोगशाळेच्या शिपायास एकदां बोलावून घ्यावें. पाणी कोठें तुंबतें आणि वास कोठें कोंडतो, हें त्याला तोंडपाठ असतें.