ज्वारीच्या मुळातले वाहक

अकोला-अमरावतीच्या काळ्या जमिनीत जस्त नसतं असं नाही. पण चुनखडी आणि चढलेला सामू यांमुळे ते पिकाला लागू होत नाही. हाती येईल तेवढं आत घेतात ती मुळांच्या पेशीपटलात बसलेली वाहक प्रथिनं. जस्त-लोह वाहणाऱ्या एका कुळाचं नाव ‘झिप’.

त्यांचा शोध आता संगणकावर सुरू होतो. ज्वारीचा जनुकसंच २००९ साली प्रसिद्ध झाला, सुमारे ७३ कोटी अक्षरांचा. भातातल्या ओळखीच्या झिप प्रथिनाचा क्रम घ्यायचा आणि त्याच्याशी जुळणारे ज्वारीत हुडकायचे. मग बघायचं, साखळी पटलातून किती वेळा आरपार जाते? झिपमध्ये बहुधा आठ वेळा. तिसऱ्या-चौथ्या फेरीमधल्या वळणावर हिस्टिडीन या अमिनो आम्लाची गर्दी दिसली, की धातू तिथं धरला जात असावा असं म्हणता येतं. अंदाजच हं, खात्री प्रयोगशाळेत आणि वावरातच.

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात त्रास वेगळा, सोडियमचा. तिथं वाहकांच्या ‘एचकेटी’ कुळाकडे बघावं लागतं. त्यातलं गव्हातलं एक प्रथिन वर चढणाऱ्या रसातून सोडियम मुळातच परत ओढून घेतं. आपल्या बन्सीच्या जातकुळीतल्या गव्हात त्या प्रथिनाचं जनुक प्राचीन भाईबंदाकडून संकरानं आणलं, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या खाऱ्या शेतात उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत वाढलं. ते निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले.