मस्टरमधील खरी वेळ

(पालक मेळाव्यात एका सहशिक्षकाने दिलेले भाषण)



शिक्षकाने अशा प्रसंगी अभ्यास, शिस्त आणि परीक्षा यांवर बोलावे अशी रीत आहे. आज मी थोडे वेगळे बोलणार आहे. आपल्यापैकी कोणाचा शिवणकामाचा कारखाना आहे, कोणाची बेकरी, कोणाचे गॅरेज. मालक जितके समोर बसले आहेत, त्याहून अधिक कामगार बसले आहेत, आणि दोघांचीही मुले माझ्या वर्गात एकाच बाकावर बसतात. कामगार केव्हा आला, केव्हा गेला, जादा किती थांबला, याची नोंद कायदा मागतो. ती नोंद आपल्या धंद्यात नीट कशी सुरू करावी, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम एक कबुली देतो. बी.ए. करीत असताना मी संध्याकाळी एका लाकूडकामाच्या वर्कशॉपमध्ये हिशेब लिहीत असे. मस्टर माझ्याकडेच होते. दर शनिवारी पुढच्या आठवड्याचे मस्टर मी आगाऊच भरून ठेवी. पहिल्या नावापुढे सकाळी नऊ, संध्याकाळी सहा, आणि खाली सर्वांसाठी ‘वरीलप्रमाणे’. पूर्वीच्या कारकुनाने असेच शिकविले होते. त्यात काही चुकते असे मनातही आले नाही. एके रात्री सव्वाआठच्या सुमारास करवत मशीनवर एका कारागिराची दोन बोटे गेली. चौकशीत मस्टर उघडले गेले. मस्टरप्रमाणे तो सहा वाजताच घरी गेला होता!

शेठ वाईट मनुष्य नव्हते. दवाखान्याचे बिल त्यांनी भरले. परंतु नुकसानभरपाईचा प्रश्न निघाला तेव्हा कागद कारागिराच्या विरुद्ध साक्ष देत होता, आणि तो कागद माझ्या हस्ताक्षरात होता. दोन वर्षे खेटे घातल्यावर थोडक्या रकमेवर तडजोड झाली. मी कोणाचा एक पैसाही खाल्ला नव्हता. पण खोटी वेळ लिहिली होती, आणि तिची किंमत दुसऱ्याने भरली.

कामाच्या तासांचा प्रश्न जुना आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मिळाली. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपला पहिलाच करार केला, तो कामाच्या तासांविषयी होता. दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास हे तत्त्व त्यात होतेच. शिवाय जादा तासांची नोंद मालकाने ठेवावी, असेही त्यात लिहिले होते. भारताने तो करार १९२१ साली मान्य केला. आपल्याकडे दुकानांसाठी १९४८ चा मुंबई दुकाने व संस्था कायदा आला, आणि २०१७ च्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. तेव्हा आपल्या धंद्याला आज कोणता नियम, किती कामगारांपासून व किती तासांपर्यंत लागू होतो, हे कामगार कार्यालयात किंवा जाणकार सल्लागाराकडे विचारून घ्यावे. जुन्या माहितीवर विसंबू नये.

नोंदीची हेळसांड केवळ आपल्याच गल्लीत होते असे नाही. स्पेनमध्ये एका कामगार संघटनेने एका मोठ्या बँकेविरुद्ध दावा लावला. रोजची वेळच नोंदली जात नाही, मग जादा काम सिद्ध कसे करावयाचे, असा तिचा प्रश्न होता. त्या देशात जादा तासांपैकी निम्म्याहून अधिक तास कोठेच लिहिले जात नव्हते, ही माहिती त्या खटल्यात पुढे आली. १४ मे २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला की, प्रत्येक कामगाराची रोजची वेळ मोजणारी विश्वसनीय पद्धत मालकाने ठेवलीच पाहिजे. स्पेनने त्याच महिन्यापासून रोज येण्याजाण्याची वेळ लिहिणे आणि ती नोंद चार वर्षे जपणे सक्तीचे केले. जर्मनीच्या सर्वोच्च श्रम न्यायालयानेही २०२२ साली तसाच निर्णय दिला. बँकेतल्या सुशिक्षित नोकरांना जर कागदाचा आधार लागतो, तर आपल्या कारागिराला तो किती लागत असेल!

आपल्या दृष्टीने हा केवळ सरकारी हुकूम नाही. कुराणशरीफातील सर्वांत मोठी आयत सूरह बकरातील २८२ वी आहे, आणि तिचा विषय देण्याघेण्याची लेखी नोंद आणि साक्षीदार हा आहे. कामगाराचा तास हेही मालकावरचे देणेच आहे, रोज संध्याकाळी साठत जाणारे, असे मी मानतो. ज्या समाजाचा दिवस पाच ठरलेल्या वेळांनी बांधलेला आहे, त्याला वेळ पाहणे आणि पाळणे शिकविण्याची गरज पडू नये.

आता तयारी कशी करावी ते सांगतो.

पहिली गोष्ट, माणसे मोजा. पुतण्या, शिकाऊ मुलगा, माल पोहोचविणारा, अर्धवेळ येणारी बाई, ही सर्व माणसे त्या यादीत आली पाहिजेत. उक्त्या मजुरीवर काम करणाऱ्याचीही वेळ लिहावी. नगाची मजुरी ठरली म्हणून त्याचा दिवस बारा तासांचा होत नाही.

दुसरी गोष्ट, दोन आठवडे काहीही न बदलता, जे घडते तेच लिहा. कारखाना प्रत्यक्षात किती वाजता सुटतो हे पुष्कळ मालकांना तेव्हाच प्रथम कळेल.

तिसरी, नियम आधी ठरवा आणि भिंतीवर लावा. जेवणाची सुटी किती, चहाची किती, जुम्याच्या नमाजाला कोणत्या वेळी सोडावयाचे, रमजानमध्ये इफ्तारपूर्वी काम केव्हा थांबवायचे, हे सर्व त्यात यावे. वीज गेली आणि मालकाने ‘थांबा, येईल’ म्हणून बसवून ठेवले, तर तो वेळ कामाचाच धरावा. माणूस मालकाच्या हुकमाने बसलेला असतो, घरी गेलेला नसतो.

चौथी, कामगाराने आपली वेळ स्वतः, त्याच क्षणी लिहावी आणि सही करावी. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने लिहून वाचून दाखवावे व अंगठा घ्यावा. चूक झाली तर खाडाखोड करू नये. एक रेघ मारून वर बरोबर वेळ लिहावी आणि दोघांनी सही करावी.

पाचवी, साधन धंद्याप्रमाणे निवडा. पाच माणसांना साधी वही पुरते. अंगठ्याचे मशीन घेतले तरी धुलाई किंवा सिमेंटचे काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन त्यांना ओळखत नाही. त्या दिवशी गैरहजेरी लागू नये म्हणून शेजारी वही असू द्या.

सहावी, आठवड्यातून एकदा नोंद वाचून दाखवा आणि पगार त्याच नोंदीवरून काढा. मस्टर एक बोलते आणि पगारपत्रक दुसरे, असे असेल तर दोन्ही निरुपयोगी.

मालक बंधूंच्या मनातील भीती मला ठाऊक आहे. खरी वेळ लिहिली तर जादा कामाचे दुप्पट दराने पैसे द्यावे लागतील. हिशेबच करू. तासाला साठ रुपये पडणारा कारागीर रोज दोन तास जादा थांबला, तर पंचवीस दिवसांत पन्नास तास होतात. दुप्पट दराने सहा हजार रुपये. रक्कम लहान नाही. पण हे सहा हजार आजही कोणीतरी भरतोच आहे. तो कारागीर भरतो, आपल्या मुलांच्या वाट्याच्या संध्याकाळींतून. खरी नोंद समोर असली म्हणजे जादा माणूस घ्यावा, वेळेवर बंद करावे, की ऑर्डरचा भाव वाढवून मागावा, हे मालकाला ठरविता येते. न लिहिलेल्या तासांवर उभा राहिलेला भाव हा खरा भाव नव्हे. आणि उद्या एखाद्याने चार तास थांबून आठ सांगितले, तर हीच वही मालकाचेही रक्षण करील.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण उद्या कोठेतरी हिशेब लिहायला बसतील. तुम्हांलाही कोणीतरी ‘वरीलप्रमाणे’ लिहायला शिकवील. तेव्हा लेखणी थांबवा आणि विचारा की, तो माणूस खरोखर किती वाजता गेला? ज्याला तुमचे अक्षर वाचताही येत नाही, त्याचा हक्क तुमच्या अक्षरात असतो. वीस वर्षांचा असताना मला हे कोणी सांगितले नाही. म्हणून आज तुम्हांला सांगितले.