भोपळा आणि बेरीज

मिरजेच्या सतारमेकरांच्या दुकानात दोन तंबोरे शेजारी ठेवून ऐकण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना दोन वाद्यांचा आवाज कधीही अगदी एकसारखा नसतो, हे सांगावयास नको. तारा त्याच, जवारी लावणारा हातही तोच; पण भोपळा निराळा, लाकूड निराळे, म्हणून गुंजनही निराळे. वाद्य बदलले की नाद बदलतो, ही आपल्या कानांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालेली शिकवण आहे, आणि ती खरीही आहे. परंतु तीच शिकवण संगणकाला जशीच्या तशी लावली तर कसा घोटाळा होतो, ते आज सांगावयाचे आहे.

म्हैसूरच्या चामराजपुरम भागात आमचे बिऱ्हाड आहे. मध्यंतरी माझा भाचा काही दिवस आमच्याकडे येऊन राहिला होता. तो इलेक्ट्रॉनिक संगीत रचतो. ह्या संगीताला एके काळी यंत्रांनी भरलेली खोली लागत असे. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली मूग सिंथेसायझर आला. १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग ह्यांची, यंत्रांच्या ठेक्यावर दहा राग वाजविलेली ध्वनिमुद्रिका निघाली. त्या यंत्रांत विजेच्या दाबातील चढउतारांतून स्वर उमटे. त्यामुळे प्रत्येक यंत्राला त्याचा स्वतःचा असा कंठ होता. आज ते सारे काम संगणकावरील एका प्रणालीत होते. एबलटन लाइव्ह, क्यूबेस, लॉजिक, रीपर ही त्यांतील काही नावे. पण जुनी समजूत मात्र टिकून आहे. अमक्या प्रणालीचा आवाज भरदार, तमकीचा कोरडा, असे ह्या क्षेत्रातील मंडळी हिरिरीने सांगतात.

भाच्याची एक रचना जवळजवळ पुरी होत आली होती आणि त्याने ती बाजूस टाकली होती. “मामा, ही प्रणालीच दुबळी आहे. तेच ट्रॅक मी दुसरीत घातले, तर बघा किती भरदार वाटतात,” असे म्हणून त्याने दोन्ही ऐकविल्या. मलाही दुसरीच सरस वाटली. नवी प्रणाली विकत घ्यावयाची आणि वर्षभराचे काम पुन्हा मुळापासून मांडावयाचे, असा त्याचा बेत होता. बेत मोठा होता, म्हणून आधी चौकशी करावी असे मी सुचविले.

संगणकात ध्वनी अंकांच्या रूपाने साठविला जातो. कॉम्पॅक्ट डिस्कच्या पद्धतीत एका सेकंदात ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेतले जाते व प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसविले जाते. अनेक ट्रॅक एकत्र करणे म्हणजे ह्या मापांची बेरीज करणे. सात आणि पाच मिळून मिरजेत बारा होतात, तसेच बर्लिनमध्येही होतात. बेरजेला लाकूड नसते.

मग आम्हांला फरक ऐकू आला तो कसला? मध्यभागी ठेवलेला आवाज डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही ध्वनिक्षेपकांतून येतो, म्हणून काही प्रणाली तो ३ डेसिबेलांनी उतरवितात, काही ४.५ ने, काही मुळीच नाही. भाच्याच्या दोन प्रणालींत हा रिवाज निरनिराळा होता. दुसरी किंचित मोठ्याने वाजत होती, एवढेच! आणि आवाज वाढला की खर्जाकडचे स्वर आपल्याला अधिक प्रमाणात जाणवू लागतात, हे फ्लेचर व मन्सन ह्यांनी १९३३ सालीच मोजून दाखविले आहे. मोठे ते भरदार, आणि भरदार ते उत्तम, असा निवाडा कान आपल्या नकळत करून मोकळा होतो. ह्याच म्हैसुरात १९३५ साली खाजगी नभोवाणी केंद्र सुरू करून त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव देणारे एम. व्ही. गोपालस्वामी हे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते, ह्याची मला त्या दिवशी आठवण झाली. ऐकण्याचे निम्मे काम मनच करते.

आम्ही तो रिवाज दोन्हीकडे सारखा केला. दोन्ही प्रणालींतून रचना पुन्हा उतरवून घेतली. मग एका प्रतीची लहर उलटी केली, म्हणजे जेथे अधिक तेथे उणे, आणि दोन्ही एकदम लावल्या. दोहोंत जे समान असेल ते एकमेकांना पुसून टाकील आणि फरक असेल तेवढाच उरेल, अशी ही कसोटी आहे. भाच्याने आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरविली. खोलीत काहीच ऐकू येईना. चामराजनगरकडे जाणाऱ्या गाडीची शिटी मात्र खिडकीतून स्पष्ट आली. बेरजेचे उत्तर भोपळा आले होते.

ह्यावरून सर्व प्रणाली सर्व बाबतींत सारख्याच, असे मात्र समजू नये. आम्ही तबल्याचा एक तुकडा घेतला आणि त्याची गती मिनिटाला १०० मात्रांवरून १२० वर नेली. तेव्हा दोन प्रणालींत उघड फरक ऐकू आला. एकीत ‘ना’चा आघात जवळजवळ टोकदार राहिला, दुसरीत त्याची धार बोथट झाली. कारण स्वर न बदलता काळ आखडावयाचा, तर ध्वनीचे तुकडे करून ते पुन्हा सांधावे लागतात आणि ही सांधण्याची रीत ज्याची त्याची वेगळी असते. प्रणालीबरोबर येणाऱ्या सिंथेसायझरांचेही तसेच. तेथे ध्वनी घडविला जातो, म्हणून घडविणाऱ्याची तऱ्हा त्यात उतरते. निवड करावयाची तर अशा ठिकाणी करावी. आणि तीही दोन्ही आवाज सारख्या पातळीवर आणून, कोणते कोणाचे हे ठाऊक नसताना ऐकून.

भाचा थोडा वेळ खट्टू होऊन बसला होता. दोष यंत्राचा नाही म्हटल्यावर तो कोठे आहे, हे शोधणे आले. रात्री त्याने ती टाकलेली रचना पुन्हा उघडली. खर्जाचे दोन स्वर एकाच जागी गर्दी करीत होते, म्हणून ती दुबळी वाटत होती. त्यांतला एक त्याने काढून टाकला. मग मला हाक मारून म्हणाला, “मामा, आता ऐका. पण आवाज वाढवू नका हं.”